मोटारसायकलची ग्रिप वारंवार फिरते : नवी जोडी घेण्याआधी काय तपासावे

लक्षणे

ग्रिप बदलून दोन-तीन महिने होतात न होतात तोच ती पुन्हा हँडलवर फिरू लागते, ही तक्रार ठाणे आणि नवी मुंबईत, विशेषतः जून ते सप्टेंबर या काळात, इतकी सर्रास ऐकू येते की पुष्कळ जण तिला गाडीच्या वयाची खूण मानून सोडून देतात. शेजारच्यांच्या आणि ओळखीच्यांच्या गाड्यांवर हेच काम वर्षानुवर्षे करीत आल्यामुळे मला तसे वाटत नाही. ग्रिप क्वचितच आपणहून सैल होते; बहुतेक वेळा ती चुकीच्या मापाची असते, चुकीच्या बाजूला चढवलेली असते किंवा तिच्या खाली जे आहे ते बिघडलेले असते, आणि यांपैकी काहीही न पाहता आणलेली नवी जोडी जुन्या जोडीच्याच वाटेने जाते.

तक्रार सांगताना सगळे जण ‘ग्रिप खराब झाली’ एवढेच म्हणतात. परंतु त्याखाली निरनिराळी लक्षणे दडलेली असतात आणि ती वेगळी करून पाहावी लागतात. डावी ग्रिप पिळली असता फिरते, किंवा हळूहळू टोकाकडे सरकून आतल्या बाजूला हँडलच्या नळीचा उघडा पट्टा दिसू लागतो, हे पहिले लक्षण. उजवी ग्रिप पिळूनही तेवढी रेस वाढत नाही, हात थोडा पुढे गेल्यावर मग गाडी ओढते, हे दुसरे. उजवी ग्रिप सोडल्यावर झटकन मागे न येता रेंगाळते, हे तिसरे आणि सर्वांत गंभीर. पृष्ठभाग चिकट होऊन तळहात काळे होणे, बारीक भेगा पडणे, लांब अंतरानंतर बोटांना मुंग्या येणे, आणि नवी ग्रिप बसवल्यापासून क्लचच्या लिव्हरपर्यंत बोटे नीट न पोचणे, ही उरलेली लक्षणे होत.

तिसरे लक्षण दिसत असेल, तर खालचे काहीही करण्यापूर्वी गाडी रस्त्यावर आणणे थांबवावे. चालत्या गाडीवर रेस अडकल्यास क्लच दाबून इंजिन बंद करण्याचा स्विच वापरावा. गिअर नसलेल्या स्कूटरला क्लचचा लिव्हर नसतो आणि काही स्कूटरना तो स्विचही नसतो, तेव्हा तेथे चावी फिरवून इंजिन बंद करणे एवढाच मार्ग उरतो. मात्र चावी हँडल लॉक होण्याच्या बाजूपर्यंत फिरवू नये.

खर्च न करता होणारी तपासणी

सर्वप्रथम ग्रिप धुवावी. हा सल्ला पोरकट वाटतो, तरीही घसरण्याच्या कितीतरी तक्रारी येथेच संपतात. वॉशिंग सेंटरमध्ये गाडी चमकवण्यासाठी टायरवर आणि काळ्या प्लास्टिकवर जे पॉलिश मारतात त्यात बहुधा सिलिकॉन असते, आणि तोच बोळा जाता जाता ग्रिपवरही फिरवला जातो. कोरड्या दिवसांत ते फारसे जाणवत नाही; पहिल्या पावसात मात्र हात घसरू लागतो आणि मालकाला वाटते की ग्रिप झिजली. सनस्क्रीन, केसांचे तेल आणि हातमोज्यांतला घाम यांचाही असाच थर बसतो. भांडी घासण्याच्या साबणाचे पातळ पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन नक्षीच्या खाचा साफ कराव्यात आणि गाडी पूर्ण वाळल्यावरच निष्कर्ष काढावा. साफ केल्यानंतरही रबर चिकटच राहिले, तर ते आतून बिघडू लागले आहे असे समजावे; त्यावर टाल्कम पावडर टाकून काही साधत नाही, पहिल्या सरीत तिची पेस्ट होते.

त्यानंतर ग्रिपवर फोमचे किंवा कापडी कव्हर असल्यास ते काढून टाकावे. अशी कव्हरे मऊ लागतात हे खरे, परंतु फोम पाणी धरून ठेवतो, आणि उजव्या बाजूला कव्हर ग्रिपवर फिरू लागले की हातात येणारी हालचाल आणि इंजिनाला मिळणारी रेस यांचा मेळ राहत नाही. फिरणारी वस्तू कव्हर आहे की ग्रिप, हे कव्हर असेपर्यंत कळणेच अशक्य असते. माझ्या मते उजव्या बाजूला कव्हर घालूच नये. डावीकडे हौस भागवावी.

आता खुणेची परीक्षा करावी. इंजिन बंद ठेवून, ग्रिपच्या आतल्या कडेवर आणि तिच्या शेजारच्या भागावर एका सरळ रेषेत खडूने किंवा करेक्शन पेनने बारीक खूण करावी. डावीकडे हा शेजारचा भाग म्हणजे स्विचचा डबा. उजवीकडे मात्र ग्रिप प्रत्यक्ष हँडलवर बसत नाही. ती प्लास्टिकच्या एका नळीवर बसते, ही नळी हँडलवर मोकळी फिरते आणि तिलाच रेसची केबल जोडलेली असते. म्हणून उजवीकडे खूण त्या नळीच्या कडेवर करावी लागते. दोन-चार दिवस नेहमीसारखी गाडी चालवून पाहावे. डावीकडची खूण सरकली तर ग्रिप सैल आहे. उजवीकडे ग्रिप आणि नळी यांच्या खुणा जुळलेल्या राहिल्या आणि तरीही रेस उशिरा मिळत असेल, तर दोष ग्रिपचा नसून केबलच्या ढिलाईचा आहे, आणि नवी ग्रिप विकत घेणे व्यर्थ ठरेल. केबल असलेल्या बऱ्याच गाड्यांवर ग्रिपच्या कडेला मोजली असता ही ढिलाई साधारण २ ते ६ मिलिमीटर असावी लागते; आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा.

याच वेळी ग्रिपच्या दोन्ही टोकांकडे पाहावे. उजवी ग्रिप आत स्विचच्या डब्याला किंवा बाहेर हँडलच्या टोकाला बसवलेल्या वजनाला घासत असेल, तर ती सोडल्यावर रेंगाळते. नळीत घाण नसते, केबलही ठीक असते, केवळ रबर अडलेले असते. दोन्ही टोकांना १ ते २ मिलिमीटर फट असणे पुरेसे आहे. बंद टोकाची ग्रिप ब्लेडने कापून तिच्यात वजन बसवले असेल आणि काप वाकडा गेला असेल, तर हमखास हेच होते.

माप

ग्रिप निवडताना लोक नक्षी आणि रंग पाहतात. पाहायला हवे ते आतले माप. बहुतेक मोटारसायकलींच्या हँडलच्या टोकांचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर असतो, म्हणजे इंचांत सात-अष्टमांश. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या क्रूझर गाड्यांवर तो परंपरेने एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर असतो. मध्यभागी जाड आणि टोकांकडे निमुळते होणारे जे हँडल मिळते, ते मधोमध २८.६ मिलिमीटर असले तरी टोकांना २२ मिलिमीटरच असते. म्हणून माप मध्ये न घेता ग्रिप जेथे बसते तेथेच घ्यावे. व्हर्नियर कॅलिपर नसेल तर नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिची लांबी मोजावी आणि ३.१४ ने भागावे. २२ मिलिमीटरच्या हँडलला ही लांबी ६९ ते ७० मिलिमीटर येते.

उजवीकडच्या प्लास्टिकच्या नळीची जाडी मिळाल्यामुळे तिचा बाहेरचा व्यास हँडलपेक्षा दोन-तीन मिलिमीटरने अधिक भरतो, आणि म्हणून जोडीतल्या दोन ग्रिप दिसायला सारख्या असल्या तरी आतून सारख्या नसतात. ही गोष्ट ठाऊक नसल्याने होणारा घोटाळा मी सर्वाधिक वेळा निस्तरला आहे. पडल्यामुळे डावी ग्रिप फाटते, दुकानात एकच सुटी ग्रिप मिळते, ती उजव्या बाजूची निघते, आणि डाव्या हँडलवर ती अगदी सहज, कौतुक वाटावे इतक्या सहज चढते. त्यानंतर तिला कितीही डिंक लावला तरी मधली पोकळी भरून निघत नाही आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या पोकळीतून आत शिरते. उलट, डावी ग्रिप उजवीकडे चढवायला गेल्यास ती चढतच नाही, किंवा जोर लावून चढवलीच तर ताणलेली राहते. ताणलेल्या रबरावर हवेतल्या ओझोनमुळे लवकर भेगा पडतात आणि दिवसभर स्टेशनाबाहेर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर हे आणखी वेगाने घडते. सायकलच्या दुकानातली फोमची ग्रिप दोन्ही बाजूंना २२ मिलिमीटरची असते. ती मोटारसायकलच्या डाव्या बाजूला बसेलही, उजव्या बाजूचा विचार करू नये.

लांबीही पाहावी. साधारणतः ११५ ते १३० मिलिमीटरच्या दरम्यान ग्रिप मिळतात. जुनी ग्रिप मोजून तेवढीच घ्यावी. लांब ग्रिप टोकाला घासते आणि आखूड ग्रिप तळहाताच्या कडेला उघडी नळी सोडते. टोकाला वजन बसवलेले असेल तर उघड्या टोकाची ग्रिप मागावी. काही गाड्यांची उजवी ग्रिप त्या प्लास्टिकच्या नळीसकटच मिळते, तेव्हा कंपनीचा भाग मागताना मॉडेल आणि वर्ष दोन्ही सांगावीत.

जाडी, मऊपणा आणि बधिर होणारी बोटे

मऊ आणि जाड ग्रिप हातांना सुखाची, हा समज अर्धाच खरा आहे. ग्रिप जाड झाली की बोटांना तिच्याभोवतीचा वळसा मोठा पडतो आणि लिव्हरपर्यंतचे अंतर तुलनेने वाढते. घोडबंदर रस्त्यावर संध्याकाळी अर्धा क्लच धरून पुढे सरकताना किंवा शिळफाट्याच्या रांगेत उभे असताना हा फरक मनगटाला जाणवतो. ज्यांचा पंजा लहान आहे त्यांनी तर जाड ग्रिप घेऊच नये. बोटे लपेटल्यावर त्यांची टोके तळहाताला जेमतेम टेकतील इतकी जाडी बहुतेकांना मानवते. मऊ रबर हाताला चांगले धरते, परंतु लवकर झिजते. कडक रबर टिकते आणि ओले झाल्यावर घसरते. आपल्याकडच्या पावसात नक्षी खोल आणि रबर मध्यम मऊ असलेली साधी ग्रिप मला जेलच्या महागड्या ग्रिपपेक्षा अधिक भरवशाची वाटते. जेलवरचे पातळ आवरण अंगठ्याच्या मुळाशी फाटले की त्या ग्रिपचे आयुष्य संपते.

मुंग्या येत असतील तर ग्रिपवर खर्च करण्याआधी कारण शोधावे. टोकाची वजने हँडलची थरथर कमी करण्यासाठीच असतात. पडताना त्यांतले एखादे निखळले असेल किंवा कुणी शोभेसाठी हलके रंगीत टोक बसवले असेल, तर ते मूळचे बसवल्यानेच फरक पडतो. साखळीचा ताण, चाकाचा समतोल, इंजिन धरून ठेवणारे बोल्ट आणि कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळते ती बेअरिंग, हेही पाहून घ्यावेत. या गोष्टी मेकॅनिकच्या आहेत. गाडीवरून उतरून बराच वेळ गेल्यावरही बधिरपणा राहत असेल, किंवा रात्री झोपेत हात बधिर होत असेल, तर तो प्रश्न गाडीचा राहिलेला नाही. डॉक्टरांना दाखवावे, आणि कोणती बोटे बधिर होतात ते नेमके सांगावे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांचा बधिरपणा एका नसेकडे बोट दाखवतो, करंगळी आणि अनामिका यांचा दुसऱ्या नसेकडे.

ग्रिप काढून आत पाहणे

येथपासून थोडी साधने आणि मोकळा वेळ लागतो. टोकाचे वजन सोडवावे. बहुतेक ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर किंवा ॲलन की पुरते. टाकून देण्याचीच ग्रिप असेल तर ती डावीकडे ब्लेडने सरळ लांबीत कापावी. उजवीकडे ब्लेड जपून चालवावे, कारण खाली धातू नसून प्लास्टिक आहे आणि त्यावर पडलेला खोल काप पुढे तडा होतो. ग्रिप वाचवायची असेल तर सायकलचा गुळगुळीत स्पोक तिच्या कडेखालून सरकवून औषधाच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट थोडे आत सोडावे आणि ग्रिप पिळत काढावी. तेल किंवा गंज सोडवणारा फवारा मारू नये. त्याने ग्रिप क्षणात निघते, पण तो थर हँडलवर आणि रबरात मागे राहतो व पुढची ग्रिप कधीच घट्ट बसत नाही. वारंवार फिरणाऱ्या ग्रिपखाली हा तेलकटपणा मला पुनःपुन्हा सापडला आहे.

डावीकडचे हँडल उघडे झाले की गंज दिसण्याची शक्यता बरीच असते. खाडीलगतची खारी, दमट हवा आणि उघड्या टोकातून शिरणारे पाणी यांच्यामुळे क्रोमखालचे लोखंड सडते, आणि गंजाची भुकटी ग्रिप आणि नळी यांच्यामध्ये कोरड्या वंगणासारखी वागते. जुना डिंक खरवडून, बारीक पॉलिश पेपरने गंज काढून, स्पिरिटने पुसून फडके पांढरे निघेपर्यंत सफाई करावी. नवी ग्रिप चढवण्याआधी तिला आतूनही स्पिरिटने पुसावे, कारण साच्यातून सुटी होण्यासाठी लावलेला गुळगुळीत थर काही वेळा आत राहिलेला असतो. गंजाने धातूत खड्डे पडले असतील, किंवा हँडल एका बाजूने वाकलेले दिसत असेल, तर येथेच थांबावे. वाकलेले हँडल ठोकून सरळ करण्याचा सल्ला कुणी दिला तरी मानू नये. वाकलेल्या जागी धातू दुबळा झालेला असतो, म्हणून हँडल बदलूनच घ्यावे.

उजवीकडची प्लास्टिकची नळी हातात घेऊन पाहावी. तिच्यावर उठावाच्या रेषा असतात आणि ग्रिपला धरून ठेवण्याचे बरेचसे काम त्या करतात. त्या झिजून सपाट झाल्या असतील किंवा नळीला, विशेषतः केबल अडकते त्या कडेपाशी, तडा गेला असेल, तर कोणतीही ग्रिप टिकणार नाही. ही नळी स्वस्त असते. ती बदलणे मात्र केबल सोडवण्याचे काम आहे, आणि ज्याने ते कधी केलेले नाही त्याने पहिला प्रयोग स्वतःच्या रोजच्या गाडीवर करू नये. नळी आणि हँडल यांच्यामध्ये ग्रीस भरण्याचा मोहही टाळावा. बहुतेक गाड्यांवर ती जागा स्वच्छ आणि कोरडी असली की नळी मोकळी फिरते, आणि ग्रीसला धूळ चिकटून तीच रेंगाळण्याचे कारण होते.

बसवणे

डावीकडे रबर चिकटवण्याचा द्रव, म्हणजे ग्रिपसाठीच मिळणारा डिंक किंवा फेव्हिबॉण्डसारखा चिकट पदार्थ, नळीवर पातळ लावून ओला असतानाच ग्रिप एका दमात पिळत चढवावी आणि नक्षीची दिशा लगेच जुळवून घ्यावी. नुसत्या स्पिरिटवरही घट्ट मापाची ग्रिप उत्तम बसते, कारण स्पिरिट उडून जाते. साबणाचे पाणी आत थर सोडते. हेअर स्प्रेची शिफारस पुष्कळ जण करतात आणि कोरड्या प्रदेशात ती चालतही असेल. आपल्याकडे आत शिरलेल्या पाण्याने त्याचा थर पुन्हा मऊ पडतो. फेव्हिक्विक लावू नये. ग्रिप पूर्ण चढण्याआधीच ते धरते, आणि धरल्यावर इतके ठिसूळ असते की थरथरीने तुटते.

उजवीकडे डिंक अत्यंत कमी लावावा, तोही नळीच्या बाहेरच्या टोकापासून बोटभर जागा सोडून. जास्तीचा डिंक टोकावरून नळीच्या आत उतरला तर नळी हँडललाच चिकटते, आणि ही चूक गाडी सुरू केल्यावरच लक्षात येते. डिंक लावल्यावर गाडी रात्रभर, आणि पावसाळ्यात पूर्ण चोवीस तास, आडोशाला उभी ठेवावी. दमट हवेत डिंक सावकाश वाळतो, वरून कोरडा वाटला तरी आत ओला असतो. ज्यांना डिंकाची कटकट नको त्यांनी बोल्टने आवळल्या जाणाऱ्या ग्रिप घ्याव्यात; मात्र उजवीकडची त्या गाडीच्या नळीला जुळणारीच हवी आणि बोल्ट सांगितल्यापेक्षा जास्त आवळू नये.

बसवल्यानंतर इंजिन बंद असताना उजवी ग्रिप पूर्ण पिळून सोडावी. हँडल डावीकडे पूर्ण वळवून, सरळ ठेवून आणि उजवीकडे पूर्ण वळवून, अशा तिन्ही स्थितींत ती आपणहून झटकन मागे आली पाहिजे. मग गाडी मोकळ्या हवेत, मुख्य स्टँडवर आणि न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल दोन्ही बाजूंना वळवावे. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नये. हँडल वळवताना इंजिनाचा वेग आपोआप वाढत असेल, तर केबल ताणली जात आहे किंवा चुकीच्या मार्गाने गेली आहे, आणि अशी गाडी वळणावर धोकादायक ठरते.

मेकॅनिककडे केव्हा जावे

ग्रिप बदलूनही रेस रेंगाळत असेल, केबलचे धागे तुटलेले दिसत असतील, हँडल वाकलेले किंवा त्याचे क्लॅम्प सैल असतील, तर घरी काहीही करत बसू नये. तापणाऱ्या ग्रिप बसवण्याचे कामही जाणकाराकडेच द्यावे, कारण उजवीकडच्या तारेला फिरण्यापुरती सैल जागा ठेवावी लागते आणि ती चुकली तर तारच रेस अडकवते. अलीकडच्या काही गाड्यांमध्ये केबलच नसते. रेस सेन्सरने मोजली जाते. तेथे ग्रिप आणि तो सेन्सर एकाच भागात असू शकतात, म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय काहीही उघडू नये.

मेकॅनिककडे गाडी दिली तरी काम चालू असताना शक्यतो समोर थांबावे, ग्रिप चढवण्यासाठी तो काय लावतो ते पाहावे, आणि ऑइलच्या डब्याकडे त्याचा हात गेला तर तेथेच थांबवून आपल्या पिशवीतली स्पिरिटची बाटली पुढे करावी. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी हँडल दोन्ही टोकांना वळवून रेस मागे येते की नाही हे त्याच्यासमोरच तपासावे.